वाढदिवस झाला, मागे काय उरले?

 

आज मी तुमच्याशी चार गोष्टी बोलणार आहे त्या लहान मुलांच्या वाढदिवसाविषयी. तुम्ही म्हणाल, 'पेरणी-पाणी, खत-बियाणे सोडून हे काय काढले?' पण जरा दम धरा. हा विषय आपल्या गोठ्याशी, ओढ्याशी, उकिरड्याशी आणि खिशाशी किती लागून आहे, ते शेवटी तुम्हीच सांगाल.

आमच्या पिढीला वाढदिवस असा नव्हताच. मला शाळेत घातले तेव्हा गुरुजींनी विचारले, 'पोराचा जन्म कधीचा?' आई म्हणाली, 'ओढ्याला मोठा पूर आला होता ना, त्याच्या आधी चार दिवस!' आता पुराची तारीख कुठून आणायची? गुरुजींनी दाखल्यावर १ जून लिहिले आणि मोकळे झाले. आपल्या खेड्यापाड्यांत १ जूनला जन्मलेली माणसे इतकी कशी, याचे इंगित हे असे आहे.

आज तसे राहिले नाही. मुलाच्या जन्माची नोंद होते, लसी वेळेवर टोचल्या जातात. पूर्वी मूल पाच वर्षांचे होईपर्यंत आईच्या जिवाला घोर असे. आज ते हसत-खेळत पाचाचे सहा वर्षांचे होते, याचा आनंद आईबापांनी केला तर त्यात वावगे काय आहे? उलट चांगलेच आहे. तेव्हा वाढदिवस करू नका, असे सांगायला मी आलेलो नाही. तो कसा करावा, एवढेच सांगायचे आहे. आणि तेही मी स्वतः एक चूक केली, तिच्यापासून शिकून.

माझ्या नातवाचा पाचवा वाढदिवस होता. मुलगा आणि सूनबाई तालुक्याला जाऊन सामान घेऊन आले. चकचकीत फुगे, प्लास्टिकच्या झिरमिळ्या, थर्माकोलची अक्षरे, थर्माकोलच्याच ताटल्या, पाण्याचे पेले, प्लास्टिकचे चमचे, केक, केकचा खोका, आणि फस्सकन फेस उडवणारा एक डबा. चौकात नातवाचा फोटो असलेला फ्लेक्सही लागला. मीही त्याच्यापुढे उभा राहून हौसेने फोटो काढून घेतला. खोटे कशाला बोलू? रात्री दोन तास मोठी धमाल झाली. सकाळी उठून पाहतो तो अंगणभर कचरा. तो भरला दोन पोत्यांत आणि नेऊन टाकला गावाबाहेर, जिथे सगळेच टाकतात तिथे. संपले!

पण संपले नव्हते. तीन-चार महिन्यांनी आमच्या शेजारच्या आक्कांची गाय चारा खाईना. दूध आटले, पोट फुगले, गाय रवंथ करीना. आक्कांच्या घरचा मीठ-मिरचीचा खर्च त्या गाईवर चाले. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी तपासले आणि म्हणाले, 'पोट उघडावे लागेल.' पोट उघडले तेव्हा मी तिथे उभा होतो. डॉक्टरांनी आत हात घालून पेंढीएवढा एक गोळा बाहेर काढला. पिशव्या, दोऱ्या, चिंध्या, सगळे एकमेकांत पीळ घालून घट्ट झालेले. आणि त्यात होती निळ्या चकचकीत झिरमिळ्यांची एक माळ. ती मी ओळखली.

डॉक्टर म्हणाले, 'हे एका दिवसाचे नाही, एका घरचेही नाही. वर्षानुवर्षे साठलेले आहे.' त्यांनी माझी समजूत घातली; पण मला काही त्या रात्री झोप आली नाही. गाय वाचली, हे आक्कांचे नशीब. सगळ्यांच्याच गाई वाचतात असे नाही.

आता गाय असले काही का खाते, असे मुले विचारतात. गुरुजी, हे मुलांना जरूर समजावून सांगा. गाय आपल्यासारखी घास चावून, चव घेऊन गिळत नाही. ती भराभर गिळते, पहिल्या मोठ्या पोटात साठवते आणि मग निवांत बसून रवंथ करते. केकची साय लागलेला कागद, भात चिकटलेली ताटली, खिरीचा वास येणारा पेला, यांतले खाण्याचे किती आणि न खाण्याचे किती हे तिला निवडता येत नाही. पोटातल्या जिवाणूंना गवत पचवता येते, प्लास्टिक पचवता येत नाही. ते पुढेही सरकत नाही, मागेही येत नाही. पोटातली जागा अडते. मग चारा समोर असून गाय उपाशी!

आता एकेका वस्तूचा हिशेब करू या.

थर्माकोल घ्या. ते प्लास्टिकच आहे. त्यात हवा भरून फुगवलेले असते इतकेच. त्याचा बहुतेक भाग निव्वळ हवा. म्हणून ते वाऱ्याने उडते, पाण्यावर तरंगते आणि मोरीत, गटारात जाऊन अडकते. पाणी तुंबले की डास आलेच. ते कुजत नाही, त्याचे फक्त बारीक मणी होतात आणि ते मणी शेतात पसरतात.

पाण्याचे कागदी पेले कागदाचेच आहेत ना, असे पुष्कळांना वाटते. पण पाणी कागदातून झिरपू नये म्हणून आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दिलेला असतो. चंदेरी रंगाचे द्रोण आणि पत्रावळी मिळतात, त्यांवरही तसाच पापुद्रा असतो. ते उकिरड्यात टाकले, तर कागद कुजेल आणि पापुद्रा खताबरोबर तुमच्या वावरात येईल.

फुग्यांचे म्हणाल, तर साधे रबरी फुगे वेगळे आणि चकचकीत फुगे वेगळे. चकचकीत फुगा म्हणजे धातूचा मुलामा दिलेले प्लास्टिक. रबरी फुगा रबराच्या झाडाच्या चिकापासून करतात खरा, पण तोही कुजायला महिनोन्‌महिने, कधी वर्षेही लागतात. शिवाय फुटलेल्या फुग्याचा तुकडा रांगत्या मुलाने तोंडात घातला, तर तो घशाला चिकटून श्वास कोंडू शकतो. हे आयांनी विशेष ध्यानात ठेवावे. आणि तो फेस उडवणारा डबा! त्यात भरलेला वायू पुष्कळदा पेट घेणारा असतो. समोर मेणबत्त्या जळत असताना त्याचा फवारा मारणे म्हणजे मुलाच्या तोंडापुढे भडका उडवणे होय.

तुम्ही म्हणाल, 'हा कचरा पेटवून दिला की झाले.' नाही मंडळी, ते तर आणखी वाईट. फ्लेक्सच्या कापडाला ज्या प्लास्टिकचा थर असतो त्यात क्लोरीन असते. ते जाळले की विषारी धूर होतो. तो धूर प्रथम कुणाच्या छातीत जातो? शेकोटी समजून भोवती जमणाऱ्या पोरांच्याच!

कायदाही आता झाला आहे. आपल्या राज्य शासनाने २०१८ साली थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठेवला. पुढे केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून सबंध देशात तशी बंदी केली. तिच्या यादीत फुग्याला लावायची प्लास्टिकची काडी आहे, सजावटीचे थर्माकोल आहे, मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायचा प्लास्टिकचा कागदही आहे. म्हणजे यादी करणाराने जणू वाढदिवसाचे घर डोळ्यांपुढे ठेवले होते! तरीही माल मिळतो आणि आपण घेतो. घेणाराने हात आखडल्यावाचून विकणाराचा हात थांबत नाही.

हे सगळे मी घरी सांगितले, तेव्हा सूनबाई म्हणाली, 'मामंजी, तुमचे सगळे खरे. पण गावात सगळ्यांच्या मुलांचे वाढदिवस होतात. आमच्याच पोराने का तोंड पाडून बसायचे?'

तिचा प्रश्न रास्त होता. आईची हौस मारून कुठली सुधारणा होत नाही. तेव्हा मी तिला म्हटले, 'सूनबाई, पोर वर्षाचे झाले तेव्हा संक्रांतीला तू त्याचे बोरनहाण केलेस, आठवते का?'

मंडळी, बोरनहाण तुम्ही पाहिलेच असेल. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात. काळे झबले घालून बाळाला पाटावर बसवतात. अंगावर हलव्याचे दागिने: मुकुट, हार, बाजूबंद. भोवती आळीतली पोरे गोळा होतात. आणि मग बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे ओततात. काय ती झुंबड! काय तो आरडाओरडा! पोरे खिसे भरून घेतात. खाली सांडलेले चुरमुरे कोंबड्या वेचतात. शेंगांची टरफले आणि उसाची चोयटी उकिरड्यात जातात आणि त्यांचे खत होते. दागिनेसुद्धा पोरे खाऊन टाकतात. मागे उरतो फक्त दोरा!

बघा, सजावट आहे, उधळण आहे, खाऊ आहे, गर्दी आहे, धमाल आहे. आणि सकाळी अंगणात काही नाही. ही रीत कुणा तज्ज्ञाने सांगितली नाही, आपल्या आज्या-पणज्यांनी ठेवली. म्हणून मी म्हणतो, नवीन काही शोधायला नको. बोरनहाणाचा धडा वाढदिवसाला गिरवला की पुरे.

पुढच्या वर्षी आम्ही तसेच केले. काय काय केले ते सांगतो.

सकाळी घरच्या बायकांनी नातवाला ओवाळले. ज्याच्या त्याच्या घरची रीत निराळी असेल. आशीर्वाद मात्र सगळीकडे सारखाच. दाराला आंब्याच्या डहाळ्यांचे आणि झेंडूचे तोरण बांधले, सुती दोऱ्यात. आजीच्या जुन्या लुगड्यांच्या तिकोनी पताका कापून सूनबाईने त्यांची माळ शिवली. ती माळ आता पेटीत असते आणि दरवर्षी निघते. अंगणात रांगोळीने नातवाचे नाव काढले, ते पोरांनीच.

जेवणाला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण आणले. जंगलपट्टीत उन्हाळ्यात बायाबापड्या पळसाची पाने तोडून, काड्यांनी टाचून पत्रावळी करतात. त्यांच्या हाताला काम मिळते. कोकणात केळीचे पान आहे, पोफळीच्या विरीच्या ताटल्या आहेत. ज्या मुलखात जे पान, ते तिथले ताट. जेवणे झाली की पत्रावळीतले उष्टे खरकटे आणि पत्रावळी दोन्ही एकाच खड्ड्यात टाकावे, वर शेण-माती लोटावी. पावसाळा सरेपर्यंत त्याचे खत होते.

पाण्यासाठी देवळातली गावकीची भांडी आणली. आपल्या पुष्कळ गावांत लग्नकार्यासाठी अशी भांडी असतात. नसतील तर बचत गटाने घ्यावीत आणि थोडे भाडे ठेवावे. गटालाही चार पैसे मिळतील. आता भांडी म्हटली की ती घासायची कुणी, हा प्रश्न आलाच. बायका थर्माकोलची ताटली का आणतात? हौसेने नव्हे, दिवसभर राबून रात्री शंभर पेले घासायची पाळी येऊ नये म्हणून! तेव्हा पुरुष मंडळी, ऐका. आम्ही नियम केला: ज्याने त्याने आपले भांडे आपण विसळायचे आणि राहिलेली घरच्या पुरुषांनी घासायची. पहिल्या वर्षी मीच बसलो. हात झिजले नाहीत.

केकचा हट्ट होताच. केक करू नये असे मी म्हणत नाही. सूनबाईने रव्याचा केक घरीच केला, पातेल्यात वाळू तापवून वर डबा ठेवून. कोकणातले काकडीचे धोंडस म्हणजे तरी काय? केकच की! घरी केल्याने खोका नाही, प्लास्टिकची सुरी नाही, आणि पैसेही कमी लागले.

खाऊ ऋतूप्रमाणे द्यावा. जानेवारीतल्या मुलाला बोरे, ऊस, हुरडा. मेमधल्या मुलाला कैरी, करवंदे, आंबे. पाऊस लागला की जांभळे, मग मक्याची कणसे, काकड्या. थंडीत पेरू. बारा महिने चालतील असे शेंगदाण्याचे, चुरमुऱ्याचे, राजगिऱ्याचे लाडू आहेतच. मग मुले म्हणतात, 'माझा वाढदिवस करवंदांचा,' 'माझा पेरूंचा.' यात केवढी मौज आहे!

फुगे नाहीत म्हणून नातू आधी हिरमुसला, हेही सांगतो. पण लगोऱ्या, आंधळी कोशिंबीर आणि गोणपाटात पाय घालून पळायची शर्यत लावली, तेव्हा तो फुगे विसरला. मुलांना फुगा हवा असतो तो खेळायला. खेळ दिला की काम झाले.

आता गुरुजी आणि बाई, दोन शब्द खास तुमच्यासाठी.

शाळेत वाढदिवसाला गोळ्या वाटतात. साधा हिशेब फळ्यावर मांडा. वर्गात ३० मुले. प्रत्येकाच्या वाढदिवसाला ३० गोळ्या, म्हणजे ३० वेष्टने. वर्षाला किती? ९००. पहिली ते सातवी असे सात वर्ग असले तर ६,३००! सुटीत येणारे वाढदिवस वजा केले तरी आकडा लहान नाही. ही वेष्टने भंगारवालाही घेत नाही, कारण त्यांत प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. आठवडाभर वेष्टने एका पोत्यात साठवून मुलांपुढे ठेवा. व्याख्यान द्यावे लागणार नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की गोळ्या वाटायला ज्याच्या बापाकडे पैसे नाहीत ते पोर त्या दिवशी शाळेलाच येत नाही. मजुराचे, ऊसतोड्याचे पोर वाढदिवस लपवते. म्हणून माझी सूचना अशी: शाळेने एक 'वाढदिवसाची पेटी' करावी. तीत कापडी पताकांची माळ, एक छानसा फेटा आणि एक सुबक वही एवढेच असावे. महिन्यातून एक दिवस ठरवावा. त्या महिन्यात जन्मलेल्या सगळ्या मुलांना एकाच वेळी पुढे बसवावे, फेटा बांधावा, आणि बाकीच्या मुलांनी त्यांच्याविषयी एकेक चांगली गोष्ट वहीत लिहावी. सरपंचाच्या पोराला तोच फेटा आणि मजुराच्या पोराला तोच. कचरा टळतो, आणि पोराला तोंड लपवावे लागत नाही.

आणि झाडाचे? वाढदिवसाला झाड लावा असे सगळेच सांगतात. लावणे सोपे, जगवणे कठीण. मार्चमध्ये वाढदिवस आहे म्हणून मार्चमध्ये रोप लावाल, तर ते वैशाखात वाळेल आणि मूल रडेल. झाड पावसाळ्यातच लावावे. एरवीच्या मुलांनी आपल्या वाढदिवशी आधी लावलेल्या झाडाला पाणी घालावे, आळे करावे, बाभळीच्या काट्यांचे कुंपण नीट करावे. बिया साठवायच्या तर चिंचेच्या साठवाव्यात, त्या टिकतात. आंब्याची कोय आणि जांभळाची बी साठवू नये. ती ताजी असतानाच मातीत गेली पाहिजे, नाहीतर रुजत नाही. उन्हाळ्यात झाडाजवळ एक जुने मडके पुरून त्याच्या बुडाला बारीक भोक पाडावे, त्यात कापडाची वात घालावी आणि मडके भरून ठेवावे. ओल हळूहळू मुळाशी जाते. रोपाची काळी पिशवी तिथेच टाकू नका, रोपवाटिकेत परत करा. आपल्या वनविभागाने २०१८ साली 'कन्या वन समृद्धी' योजना काढली, तीत मुलगी जन्मलेल्या शेतकरी कुटुंबाला दहा रोपे द्यायचे ठरले होते. मुलीबरोबर झाड वाढावे ही कल्पना मोठी गोड आहे. पण झाड वाढते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या उन्हाळ्यात घातलेल्या पाण्याने.

आता शेवटची शंका. 'लोक काय म्हणतील?' मंडळी, गाडगेबाबांचे चरित्र आठवा. १८७६ साली जन्मलेल्या या माणसाने आपल्या मुलीच्या बारशाला, त्या वेळच्या चालीप्रमाणे दारू आणि मटण न देता, गोडाचे जेवण घातले, असे चरित्रात सांगितले आहे. जातभाई रागावलेच असतील. पण बाबांनी बारसे रद्द केले नाही. समारंभ ठेवला, त्यातली घाण काढली. पुढे जन्मभर हातात खराटा घेऊन ते गावे झाडत हिंडले. आपल्याला तर खराटाही उचलायचा नाही. केर होऊच द्यायचा नाही, एवढेच करायचे आहे.

पहिल्या वर्षी आम्हांला लोक हसले. 'म्हाताऱ्याने पैसे वाचवले,' म्हणाले. दुसऱ्या वर्षी शेजारच्या दोघींनी पताकांची माळ मागून नेली. आक्का मात्र पहिल्याच वर्षी आल्या होत्या. पत्रावळींतल्या उरलेल्या पोळ्या त्यांनी निवडून टोपलीत घेतल्या आणि म्हणाल्या, 'ह्या माझ्या गाईला नेते. आज भ्यायचं कारण नाही.' त्यांच्या त्या एका वाक्याने मला वाढदिवस साजरा झाल्यासारखे वाटले.

तेव्हा एकच कसोटी ध्यानात ठेवा. वाढदिवस कसा झाला ते रात्री ठरवू नका; दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उतरून पाहा. गाईने खाल्ले तर चालेल, कोंबडीने वेचले तर चालेल, मातीत मिसळले तर चालेल, पेटीत ठेवता आले तर चालेल. यांतले काहीच ज्याचे करता येत नाही, ते पुढच्या खेपेला आणू नका.

तुमची मुलेबाळे शंभर वर्षांची होवोत, आणि शंभर वर्षे त्यांना स्वच्छ ओढा आणि धडधाकट गोठा लाभो. राम राम!